दोराची बैठक

माझी आत्या अंगानं भरलेली. दवाखान्यात काट्यावर उभी राहा म्हटलं की ती नर्सला सांगायची, "काट्याला कशाला त्रास, मीच सांगते की." ही बाई बावन्नाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा, झाडावर चाळीस फूट उंच चढली, आणि तेही स्वतःच्या हातानं बांधलेल्या दोराच्या बैठकीत बसून. मी तेव्हा तिथं नव्हते. बाबा सांगतात ते, आत्या सांगते ते आणि कामाच्या जागेच्या वॉचमनकाकांनी त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर सांगितलं ते, असं तिघांचं जोडून मी लिहिते आहे. जिथं तिघांचं जुळत नाही तिथं आत्याचं खरं धरलं आहे. ती एक वेळ गाळून सांगेल, पण वाढवून सांगणार नाही.

आत्या बाबांहून सहा वर्षांनी मोठी. आधी ती तंबूच्या कारखान्यात शिवणकाम करायची. तळहातावर चामड्याचा तुकडा बांधायचा आणि बोटभर लांबीची सुई जाड कापडातून आरपार ढकलायची, हे तिनं वीस वर्षं केलं. त्यामुळं बाजारात साधी पिशवी घेतानाही ती आधी आतली शिवण उलटी करून बघायची आणि दुकानदाराच्या तोंडावर सांगायची, "ही तीन महिने जाईल." कारखाना बंद पडला तेव्हा ती आमच्याकडे राहायला आली. नवरा त्याआधीच कामाच्या निमित्तानं दूरच्या शहरात गेला होता. आधी त्याची पत्रं यायची थांबली, मग फोन, मग नुसती खबरबात. आमच्या दोन खोल्यांत आई, बाबा, मी आणि ती. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं घरातले सगळे पडदे उसवून पुन्हा शिवले.

बाबा झाडं उतरवायचे. झाड पाडणं वेगळं आणि उतरवणं वेगळं. मोकळ्या जागेतलं झाड पाडता येतं. पण घराला किंवा भिंतीला खेटून उभं असलेलं झाड वरून खाली, फांदी फांदी करून उतरवावं लागतं. वरचा माणूस फांदीला दोर बांधतो, तो दोर वरच्या बेचक्यातून घेऊन खाली सोडतो. खालचा माणूस त्या दोराचे झाडाच्या बुंध्याला वेढे देतो आणि टोक हातात धरतो. फांदी कापली गेली की तिचं सगळं वजन त्या दोरावर येतं, आणि खालचा माणूस वेढे सैल करत करत तिला अलगद जमिनीवर आणतो. बाबांचा खालचा माणूस काम सोडून गेला तेव्हा आत्या म्हणाली, "दोर धरायचाय ना? मी धरते." तेव्हापासून चौदा वर्षं ती बाबांचा दोर धरत होती. "तुमचं वजन कामाला येतंय," आई म्हणायची. आत्या हसायची. तिला ते खरंच वाटायचं.

सुरुवातीची तीनचार वर्षं बाबांकडे कमरेचा पट्टा नव्हता. तो तयार मिळतो, कमरेला आणि दोन्ही मांड्यांना आवळायचा, पुढं लोखंडी कडी असलेला. तो घेईपर्यंत बाबा दोराच्याच बैठकीत चढायचे, आणि ती बैठक त्यांना रोज सकाळी आत्या बांधून द्यायची. कमरेला दोन वेढे, दोन्ही टोकं पायांच्या मधून मागं, मांडीला वळसा घालून पुन्हा वर, कमरेच्या वेढ्यात खोवून बाजूला गाठ. पोराच्या शर्टाची बटणं लावावीत तशी ती बोलता बोलता बांधायची. मग पट्टा आला, पुढं आणखी एक आला, आणि बैठक मागं पडली.

ज्या दिवसाची गोष्ट सांगते आहे, त्याच्या आठवडाभर आधी आत्यानं जुना पट्टा तपासला. मांडीच्या पट्ट्याची शिवण उन्हानं पिठासारखी झाली होती, नखानं खरवडली तर दोऱ्याची पूड निघत होती. बाबांना सांगितलं तर ते म्हणणार, राहू दे, अडीनडीला उपयोगी पडेल. म्हणून तिनं न सांगता कात्री घेतली आणि पट्टा आडवा कापून टाकला. बाबा दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाहीत.

काम एका बंद पडलेल्या छापखान्याच्या मागच्या अंगणात होतं. आता तिथं कुणाचंतरी सामान ठेवलेलं असायचं आणि राखायला एक वॉचमन, साठीचे, काडीसारखे. अंगणात निलगिरीची दोन झाडं. त्यातलं मोठं एका बाजूला पत्र्याच्या छपरावर कललेलं. सकाळी साडेनऊ वाजता बाबा चाळीस फुटांवर होते. छपरावर आलेली सगळ्यात जाड फांदी त्यांनी दोरानं बांधली होती आणि वरून करवत चालवत होते. डावा हात त्यांनी आधाराला फांदीवरच, कापाच्या मागं टेकला होता. आत्या खाली वेढे देऊन दोर धरून उभी.

फांदी कापाच्या जागी तुटली नाही. ती उभी चिरली, लाकडाच्या रेषेत, खोडाच्या दिशेनं. चीर उघडली, बाबांचा तोल गेला आणि टेकलेला हात कोपरापर्यंत त्या चिरेत गेला. त्याच क्षणी फांदीचं वजन दोरावर आलं. आत्यानं दोन्ही पाय रोवले आणि दोर घट्ट धरला, चौदा वर्षं धरत आली होती तसाच. दोरानं फांदीला झटका देऊन थांबवलं, वर उचललं, आणि उघडलेली चीर मिटली.

बाबा ओरडले नाहीत. वरून फक्त करवत आली आणि आत्यापासून चार पावलांवर मातीत रुतली.

"बारक्या?" आत्यानं हाक मारली. ती बाबांना अजून बारक्याच म्हणते.

"हात अडकलाय."

"कुठं?"

"चिरेत. कोपरापर्यंत. ताई, जरा ढील दे. चार बोटं."

तिनं चार बोटं ढील दिली. फांदी कुरकुरत खाली बसली आणि बसताना स्वतःभोवती थोडी वळली. आता मात्र बाबा ओरडले. "थांब, थांब. आवळतंय."

आत्यानं बुंध्याला आणखी तीन वेढे दिले आणि दोन गाठी मारून दोर पक्का केला. मग तो सोडला. तिचे तळवे सोलले होते ते तिला तेव्हा कळलंच नाही. वॉचमनकाका खुर्चीवरून उठून मधोमध येऊन उभे होते. "काका, फोन करा," ती म्हणाली. "बंब बोलवा. माणूस झाडावर अडकलाय म्हणावं, हात चेंगरलाय म्हणावं."

काकांनी फोन केला. पलीकडच्यानं पत्ता विचारला, दोनदा विचारला, मग सांगितलं की सगळ्या गाड्या पुलावरच्या अपघाताकडे गेल्यात, पाऊण तास तरी लागेल. काकांनी त्याला हेही सांगितलं की छापखान्याची कमान खुजी आहे, शिडीची मोठी गाडी आत यायची नाही. "बघू" असं म्हणून त्यानं फोन ठेवला. गल्ली गोदामांची, सकाळची सगळी शटरं बंद. काकांकडे एक शिडी होती, बारा फुटांची.

निलगिरीचं खोड पांढरं असतं. त्यावरून एक बारीक लाल रेघ खाली येत होती, आणि आत्या तिच्याकडे बघत होती. "बोटं हलव," ती म्हणाली.

"कळत नाहीत."

"रक्त किती आहे?"

"मला दिसत नाही. माझ्या मागच्या अंगाला आहे." मग बाबा म्हणाले, "पाचर दे वर. हातोडी पण. चीर फाकवली की सुटेल."

बाबांच्या पट्ट्याला एक बारीक दोरी खालपर्यंत सोडलेली असायची, सामान ओढून घ्यायला. तिनं लाकडी पाचर आणि हातोडी बांधून दिली. बाबांनी उजव्या हातानं आणि दातांनी ओढून घेतलं. पण एकाच हातानं पाचर धरायची आणि त्याच हातानं तिच्यावर घाव घालायचा, हे जमणार कसं? त्यांनी पाचर चिरेत नुसती खुपसून पाहिली. ती टिकली नाही. दुसऱ्यांदा दातात धरून पाहिली. तेव्हा ती निसटून खाली पडली, काकांच्या पायाशी. त्यानंतर बाबांनी खोडाला डोकं टेकलं, आणि ते आत्याला रक्तापेक्षा जास्त लागलं.

"मी वर येते," ती म्हणाली.

"कशानं?"

"दोरानं."

"पट्टा कुठाय?"

 आत्या म्हणाली, "पट्टा मी कापला."

बाबा सांगतात, त्यांना त्या वेळी तिच्यावर राग काढावासा वाटला होता. फार वाटला होता. खाली मान घालून उभी असलेली ती त्यांना दिसली आणि ते म्हणाले, "मग बैठक बांध."

वॉचमनकाका पुढं आले. "बाई, मी जातो. मी हलका आहे." हे म्हणताना त्यांनी हात खिशात घातले.

"काका, वर जाऊन पाचर मारता येईल तुम्हाला?"

काकांनी वर पाहिलं आणि खरं ते सांगितलं. "नाही येणार."

"मग माझ्याजवळ उभे राहा."

सामानाच्या पोत्यात शंभर फुटांचा एक चांगला दोर होता. तो बाबांच्या डोक्यावरच्या बेचक्यातून घालून खाली आणायचा, एक बाजू शेजारच्या झाडाला बांधायची आणि दुसऱ्या बाजूनं चढायचं. त्यात तो सगळा संपणार होता. आत्यानं त्याचं टोक बारीक दोरीला बांधून वर पाठवलं. बाबांनी टोकाला हातोडी अडकवली आणि ती डोक्यावरून बेचक्यात फेकली. पहिल्यांदा ती खोडाला लागून परत आली. दुसऱ्यांदा त्यांच्याच खांद्यावर बसली. तिसऱ्यांदा पलीकडे गेली, आणि तिच्या वजनानं दोर इंच इंच करत खाली उतरायला लागला. बाबा एका हातानं वरून दोर सरकवत होते आणि मधे मधे थांबत होते. प्रत्येक वेळी ते आधीपेक्षा जास्त वेळ थांबत होते.

तोवर आत्या बैठकीचा दोर शोधत होती. टेम्पोवरचा माल बांधायची रस्सी उरली होती. तिनं ती डोळ्यांनी पाहिली नाही. पूर्ण रस्सी चिमटीतून ओढली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, तंबूच्या कारखान्यात ओढायची तशी. एका टोकापासून तीनेक हातांवर बोटांना ती मऊ लागली. तिनं चाकू काढला आणि त्या जागेच्या पुढं रस्सी कापून मऊ भाग फेकून दिला. उरली वीस फूट. बाबांना पंधरा पुरायची. तिनं स्वतःच्या कमरेकडे पाहिलं.

"पुरेल का?" काकांनी विचारलं.

"पुरवायची," ती म्हणाली.

तिनं रस्सीचा मध्य बेंबीवर धरला, दोन्ही टोकं मागून फिरवून पुढं आणली, आणि तिथंच हात अडले. तिनं ही बैठक हजार वेळा बांधली होती, पण दुसऱ्याच्या अंगावर. समोर उभ्या भावाचा उजवा पाय तिच्या डाव्या हाताला असायचा. आता सगळंच उलटं झालं होतं. हात आपोआप एका बाजूला जायचे आणि रस्सी दुसऱ्या बाजूला हवी असायची. तिनं एकदा सोडलं, पुन्हा बांधलं. पायांमधून टोकं मागं घेतली, मांड्यांना वळसा दिला, वर आणून कमरेच्या वेढ्याखालून खोवली आणि बाजूला गाठ मारली. गाठीची दोन्ही टोकं वेढ्याच्या सोबत पडायला हवीत. तिची टोकं आडवी उभी राहिली.

ही गाठ उजवं डाव्यावर आणि मग डावं उजव्यावर, अशी मारायची असते. दोन्ही वेळा एकच बाजू वर घेतली तर ती दिसायला गाठच दिसते, पण भार आला की सरकत सरकत सुटते. आत्यानं ती बोटानं चाचपली आणि ओळखली. ती म्हणते, त्या क्षणी ती पहिल्यांदा घाबरली. वर भाऊ, त्याच्यासमोर आपण चुकीची गाठ बांधतो आहोत, आणि ती बरोबर की चूक हे बघायला तिसरं कुणी नाही.

"ताई," वरून आवाज आला. "झालं का?"

"आलेच."

तिनं डोळे मिटले. आपल्या समोर बारक्या उभा आहे, सकाळ आहे, तो नेहमीसारखा घाई कर म्हणतो आहे, असं मनात आणलं. बोटांना सांगितलं, जे करायचात त्याच्या बरोबर उलट करा. उजवं डाव्यावर. डावं उजव्यावर. उरलेल्या टोकांनी दोन्ही बाजूला एकेक अडकण, गाठ सरकू नये म्हणून. डोळे उघडले तर टोकं वेढ्याच्या सोबत सरळ पडली होती, टोकाला वीतभर रस्सी शिल्लक. गळ्यातला टॉवेल फाडून तिनं त्याची अर्धी अर्धी पट्टी दोन्ही मांड्यांखाली सारली आणि पुढच्या सगळ्या वेढ्यांतून सामानातली लोखंडी कडी घातली.

आता चढायचं ते जळूवर. जळू म्हणजे आमच्या घरातला शब्द. बारीक दोरीचा एक फास जाड दोराला तीन वेळा गुंडाळायचा. भार नसेल तेव्हा तो हातानं वर सरकतो, भार आला की दोराला चिकटतो आणि हलत नाही. एक जळू कडीत अडकवायची, दुसरी पायात घ्यायची. पायावर उभं राहून कमरेची वर सरकवायची, मग बसून पायाची वर सरकवायची. आत्यानं हे हजारदा पाहिलं होतं. तिनं दोराची एक बाजू शेजारच्या झाडाला पक्की केली, दुसरीवर दोन जळवा बांधल्या, पाचर आणि हातोडी कमरेला खोचली, आणि जमिनीपासून फूटभर वर स्वतःला टांगून घेतलं. दोन हिसके दिले. रस्सी मांडीत रुतली, गाठ करकरली आणि बसली. सुटली नाही.

"काका, हा माझा दोर खाली ताणून धरा. आणि तो दुसरा, फांदीचा. काय वाटेल ते होऊ दे, त्याला हात लावायचा नाही."

"नाही लावत," काका म्हणाले.

पहिले दहा फूट तिनं रागाच्या भरात काढले. पंधरा फुटांवर ती गोल फिरायला लागली आणि तिला भिंत, छप्पर, खोड, भिंत असं दिसू लागलं. तिनं गुडघा खोडाला लावून थांबवलं. वीस फुटांवर मांड्यांमधली कळ थांबली, आणि ते वाईट लक्षण होतं, कारण आता पाय बधिर होत होते. पायावर उभं राहिल्यावर तो खरंच जळूत आहे की नाही हे तिला खाली बघूनच कळायचं. म्हणून तिला प्रत्येक वेळी खाली बघावं लागलं.

बाबांचं डोकं अजून खोडालाच टेकलेलं होतं.

"बारक्या, माझ्याशी बोल."

"हं."

"हं नको. भांड माझ्याशी. तो पट्टा."

"काय पट्टा?"

"मी कापला तो. बोल की आता. दोन दिवस तोंड फुगवून बसला होतास."

"चांगला होता पट्टा," बाबा हळू म्हणाले.

"डोंबलाचा चांगला. शिवण मातीत गेली होती."

"तू शिवायचा होतास."

"शिवून त्याला कोण लटकणार, तू?"

"तूच लटकली असतीस आत्ता."

तिला हसू आलं आणि श्वास चुकला. ती थांबली, कमरेवर बसली, घाम डोळ्यांत गेला होता तो खांद्याला पुसला. पुढच्या दोन वाक्यांना बाबांनी उत्तर दिलं. तिसऱ्याला दिलं नाही. तिनं नाव घेऊन हाक मारली, खरं नाव, जे ती कधीच घेत नाही. तरी नाही.

तिथून वर ती कशी गेली ते तिला आठवत नाही. काका म्हणतात, त्यांच्या हातातला दोर असा थडथडत होता की कुणी घंटा वाजवतंय.

बाबा पट्ट्यात बसलेले होते, मान खाली, चेहरा पिठासारखा. त्यांचं वजन पट्ट्यावर होतं, म्हणून ते पडले नव्हते. डावा हात खांद्यापासून ताणून फांदीत गेलेला, कोपरापासून पुढचा भाग दिसतच नव्हता. आत्यानं आधी त्यांच्या तोंडावर चापट मारली. डोळे उघडले. तिनं स्वतःच्या शर्टाची बाही फाडली आणि कोपराच्या वर करकचून आवळली. "आता पाचर मारते आहे," ती म्हणाली. "फांदी सुटेल तेव्हा तुझ्याकडे यायची नाही, पलीकडे जाईल. हात बाहेर घ्यायचा. कितीही दुखलं तरी घ्यायचा. ऐकतोस?"

"ऐकतो."

"म्हण."

"हात बाहेर घ्यायचा."

पाचर कुठं लावायची हे ती बराच वेळ बघत राहिली. हाताच्या फार जवळ लावली तर लाकडाच्या ढलप्या मांसात जातील. फार लांब लावली तर चीर हातापाशी उघडणारच नाही. आणि चीर पूर्ण उघडली की फांदी खोडापासून निघणार, तिचं सगळं वजन त्या एका दोरावर येणार, जो खाली तिनं स्वतः बांधला होता. तिनं हाताच्या पुढं दोन वीत जागा ठरवली. पाचर टेकवली. पहिला घाव हलका, नुसती रुजवायला. दुसरा जरा जोरात. लाकूड बोललं. तिसऱ्या घावाला बाबांनी ओठ चावला, ती खूण अजून आहे.

चौथ्याला चीर बोटभर उघडली.

"घे," ती म्हणाली.

बाबांनी हात ओढला. निम्मा आला आणि अडकला. तिनं हातोडी सोडून दिली, दोन्ही हातांनी त्यांचा दंड धरला आणि मागं रेलली, आपलं सगळं वजन त्या दोराच्या बैठकीत टाकून. हात सुटला. त्याबरोबर फांदी कडाडली, उभी फाटत गेली, खोडापासून निघाली आणि खाली झोकांडली. बांधलेला दोर तिच्या वजनानं तारेसारखा ताणला. ती झोका घेऊन भिंतीवर आदळली, छापखान्याच्या दोन खिडक्यांच्या काचा फुटल्या, ती पुन्हा झोका घेऊन आली आणि लोंबकळत राहिली, तिचा शेंडा जमिनीपासून डोक्याएवढ्या उंचीवर. वॉचमनकाका तिच्यापासून पाच पावलांवर होते. त्यांनी आत्याचा दोर सोडला नव्हता आणि फांदीच्या दोराला हातही लावला नव्हता.

बंब आला तो त्यानंतर काही मिनिटांनी. गाडी कमानीबाहेरच राहिली. चौघांनी जोडशिडी हातानं आत आणली, पण ती तीस फुटांपर्यंतच पुरत होती. मधले दहा फूट आत्यानं बाबांना त्यांच्याच दोरावर, त्यांचा भार आपल्या मांडीवर घेऊन त्यांची जळू हातानं थोडी थोडी सरकवत उतरवलं आणि शिडीवरच्या माणसाच्या हवाली केलं. मग ती स्वतः उतरली. जमिनीवर पाय टेकले आणि ती सरळ खाली बसली, कारण पाय तिचे राहिले नव्हते. बंबाच्या प्रमुखानं वाकून तिच्या कमरेची गाठ पाहिली. त्यानं विचारलं, "ही कुणी बांधली?"

"मीच."

"असं पुन्हा करू नका," तो म्हणाला. मग गाठीकडे आणखी एकदा पाहून उठला.

मी आणि आई दवाखान्यात पोचलो तेव्हा बाबांना आत नेलं होतं आणि आत्या बाकाशेजारच्या भिंतीला उभ्यानंच टेकली होती. बैठक अजून अंगावर होती. भारानं गाठ इतकी आवळली गेली होती की कुणाला सुटत नव्हती. नर्स कात्री घेऊन आली तर ही तिला म्हणते, "चांगला दोर आहे, जरा प्रयत्न करा." शेवटी कापावाच लागला. मांड्यांवर काळेनिळे वळ उठले होते. पुढचे तीन आठवडे ती पालथी झोपली आणि जेवली ती उभ्यानं.

बाबांचा हात राहिला. दोन ऑपरेशनं झाली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अजून मिटत नाही, पकड पूर्वीच्या निम्मी आहे. ते पुन्हा झाडावर चढले नाहीत.

त्या दिवसावरून दोघांचं आजही एकमत नाही. बाबा म्हणतात, लाकूड आतून फसवं होतं आणि मी हात नको तिथं टेकला, चूक माझी. आत्या म्हणते, दोर माझ्या हातात होता, मी आवळला म्हणून चीर मिटली. "आवळला नसतास तर फांदीसोबत मीच खाली आलो असतो," बाबा म्हणतात. तिला ते पटलंय असं दिसत नाही. दवाखान्यातून घरी आल्यावर बरेच दिवस ती रात्रीची भांडी घासताना मधेच थांबायची आणि आपले तळवे बघायची. आईनं एकदा तिला जवळ घेतलं तर ती म्हणाली, "चार बोटं ढील दिली ना मी, तेव्हा तो ओरडला. तो आवाज जात नाही गं कानातून."

उंच झाडांची कामं आता ते घेत नाहीत. कुंपणं, मेंदी, खालच्या फांद्या, बागांची साफसफाई, एवढंच. प्रश्न राहिला तो टेम्पोचा. गिअर डाव्या हातानं टाकावा लागतो आणि बाबांच्या डाव्या हाताला ते जमेना. ड्रायव्हर ठेवायचं बोलणं निघालं तेव्हा आत्या म्हणाली, "मी शिकते." त्रेपन्नाव्या वर्षी ती गाडी चालवायच्या क्लासला गेली. पहिल्या परीक्षेत गाडी मागं घेताना तिनं खांब पाडला. दुसऱ्या परीक्षेत पास झाली. आता रोज सकाळी ती टेम्पो बाहेर काढते, बाबा शेजारी बसतात आणि प्रत्येक वळणावर नसलेला ब्रेक पायानं दाबतात.

"तू खाली उतर आणि चालत ये," ती त्यांना सांगते.

बाबा उतरत नाहीत. पुढचा दांडा चांगल्या हातानं धरून बसतात आणि म्हणतात, "समोर बघ."